उणे पंचाहत्तर

त्या रविवारी दुपारी बैठकीच्या खोलीत सहा मोठी माणसं, एक बाळ, चार काटे आणि एक सीलबंद डबा होता.

काट्यांपैकी पहिला अप्पांचा, म्हणजे बाळाच्या आजोबांचा. पितळी पारड्यांचा, आडव्या दांडीचा, माणसाच्या कमरेएवढा उंच. तो सकाळपासून घासून घासून असा चमकवला होता की पारड्यात वाकून पाहिलं तर नाकपुड्या दिसत. दुसरा अप्पांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे काकांचा, विजेवर चालणारा, वर अर्धगोल तबक आणि समोर हिरव्या आकड्यांचा पडदा. तिसरा हुकाला लटकवायचा स्प्रिंगचा काटा. तो बाळाच्या बापानं, टपालनं, आणला होता आणि आणल्या आणल्या सगळ्यांच्या शिव्या खाऊन कोपऱ्यात ठेवला होता. ("मुलगी आहे तुझी, कांद्याचं पोतं नाही!") चौथा स्वयंपाकघरातला. तो कुणी मागितला नव्हता, पण सासूबाईंनी तो ओट्यावरून उचलून टेबलाच्या कडेला आणून ठेवला होता. वजनाचा प्रश्न निघाला की या घरात रिकाम्या हातानं बसणं कुणालाच जमत नसे.

डबा मात्र फ्रिजवर होता. भुकटीच्या दुधाचा. काकूंनी आणलेला. बाळाच्या आईला खोलीत कुठेही बसलं तरी तो दिसत होता.

बाळ सहा आठवड्यांचं होतं. त्याचं नाव ठरायला अजून दोन्ही घरांचं एकमत व्हायचं होतं, तोवर सगळे तिला छटाक म्हणत.

"त्यांना विचार," अप्पा टपालला म्हणाले, "त्यांचा तो दिवा लागणारा डबा सपाट जागेवर आहे का."

काका अप्पांपासून हातभर अंतरावर बसले होते.

"त्यांना सांग," काका म्हणाले, "पाणसळ लावून बघितलंय. आणि त्याला काटा म्हणतात."

"काका म्हणतात पाणसळ लावलीय," टपालनं इमानदारीत सांगितलं.

"मी बहिरा नाही," अप्पा म्हणाले.

टपाल हे बाळाच्या बापाचं घरातलं नाव. घरच्या, काटे बनवायच्या कारखान्याच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली, एका बाजूला दांडीचे काटे आणि दुसऱ्या बाजूला विजेचे असा धंदा वाटला गेला, त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण पैशाचं नव्हतं. अप्पा भर गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, की ज्याची दांडी हलताना दिसत नाही तो काटा नव्हे, तो नुसता अंदाज. काकांनी ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तीन वर्षं निरोप इकडून तिकडे नेण्याचं काम पोराकडे आलं होतं, आणि तो त्यात इतका तयार झाला होता की आता निरोपातल्या शिव्या वाटेत आपोआप गळून पडत.

बाळाची आई या घरात परक्या धंद्यातून आलेली. ती पियानो आणि व्हायोलिनं जुळवायची, तारा ताणायची, कानानं. काका तिला कौतुकानं कानसेन म्हणत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं, की या घरात 'मला वाटतं' असं म्हटलं की लोक थांबून पुढचा आकडा कधी येतो याची वाट बघतात.

आणि सध्या तिच्याकडे आकडा नव्हता. गेले तीन दिवस छटाक दुपार कलली की पाजायला मागायची, ती अंधार पडेपर्यंत. पाजून खाली ठेवावं, पाठ टेकते न टेकते तोच मूठ तोंडात. परत घ्यावं. दहा मिनिटं प्यावं, डुलकी काढावी, परत तोंड इकडेतिकडे करून शोधाशोध. सासूबाईंनी पहिला दिवस गप्प राहून काढला, दुसऱ्या दिवशी उसासे टाकले आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या.

"अगं, पोट भरत असतं तर अशी सारखी मागितली असती का? दूध पुरत नाही गं तुझं. त्यात तुझा काय दोष? नसतं एकेकीला."

त्यातलं 'तुझा काय दोष' हे सर्वात जास्त लागलं.

परिचारिका मागच्या रविवारी येऊन गेली तेव्हा सांगून गेली होती, की एकेका वेळी किती दूध आलं ते मोजत बसू नका. लंगोट दिवसाला सहाच्या वर भिजतायत ना, पिऊन झाल्यावर पोर सैल पडते ना, आठवड्याला दीडशे ग्रॅम वाढते ना, एवढंच बघा. आणि वजन दर वेळी एकाच काट्यावर, एकाच पद्धतीनं करा. मागच्या रविवारी अप्पांच्या काट्यावर, पाजून झाल्यावर, छटाक चार किलो दोनशे सत्तर भरली होती. म्हणजे आज चार किलो चारशे वीस तरी भरायला हवी होती. नाही भरली, तर संध्याकाळी डबा फोडायचा, हे तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. कबूल केलं तेव्हा फार खंबीर वाटलं होतं. आता ती डब्याकडे पाठ करून बसायला जागा शोधत होती.

पण नुसत्या आठवड्याच्या वजनावर काका समाधानी नव्हते.

"दादाच्या काट्यावर आठवड्याचं होऊ दे," ते काकूंना सांगत होते, म्हणजे सगळ्या खोलीला सांगत होते. "त्यांचा मान. पण मूळ प्रश्न काय आहे? एका वेळी पोटात किती जातं? ते माझा काटा सांगेल. पाजायच्या आधी ठेवायचं, शून्य दाबायचं. पाजून आणून परत ठेवायचं. पडद्यावर दिसेल ते नुसतं दूध. बाळ नाही, कपडे नाहीत, काही नाही. निव्वळ दूध!"

"मग बाळ आहे तसंच ठेवायचं?" काकूंनी विचारलं.

"आहे तसंच. टोपड्यासकट. फरकच तर मोजायचाय."

"त्यांना विचार," अप्पा म्हणाले, "एकूण वजन पडद्यावर आधी दिसेल त्याचं काय? माझ्या काट्याच्या आधी कुणी आकडा बघता कामा नये. मग आपोआप डोळा तिकडे ओढतो."

काकांनी खिशातला रुमाल काढला, झटकला आणि जादूगाराच्या थाटात पडद्यावर टाकला. छटाकला तबकात ठेवलं. टोपडं, झबलं, मोजे, लंगोट, सगळ्या जामानिम्यासकट. ती मुठी आवळून छताकडे बघत होती आणि ओठांचा चंबू करून हवेलाच चोखत होती. काकांनी रुमालाखाली बोट घालून बटण दाबलं. टुक् असा आवाज झाला.

"शून्य," काका म्हणाले. "न्या. आणि आता रुमालाला कुणी हात लावायचा नाही."

"भूक लागलीय तिला," आई म्हणाली.

"रडत तर नाहीये," काकू म्हणाल्या.

"रडेपर्यंत थांबायचं नसतं, काकू. रडायला लागली की तिला नीट धरताच येत नाही. आत्ता बघा, डोकं कशी फिरवतेय."

आतल्या खोलीत सासूबाई तिच्याबरोबर आल्या. दार लोटलं, उशी दिली, पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि समोर बसल्या. त्या मुळात वाईट नव्हत्या. त्यांना काळजी आवरता येत नसे इतकंच, आणि त्यांची काळजी पायात चपला घालून सगळ्या घरभर फिरे.

छटाकनं तोंड मोठ्ठं उघडलं आणि धरलं. सुरुवातीला नुसती भराभर हनुवटी हलली. मग चाल बदलली. एक लांब ओढ, क्षणभर थांबणं, आणि घुटका. ओढ, थांबणं, घुटका.

"ऐका," ती हळूच म्हणाली.

"काय ऐकू?"

"घुटका. श्वास सोडल्यासारखा येतो बघा. क्ह... क्ह... प्रत्येक ओढीला एक."

सासूबाई पुढे झुकल्या. कानामागे हात धरला. बराच वेळ त्यांचा चेहरा तसाच राहिला आणि मग भुवया वर गेल्या.

"अगोबाई," त्या कुजबुजल्या, "गिळतेय की गं."

"गिळतेय."

"मी आपली नुसती घड्याळ बघायचे. आमच्या वेळी इकडे इतकी मिनिटं, तिकडे इतकी मिनिटं. आवाज कोण ऐकतंय!" मग लगेच त्यांना आपली बाजू आठवली. "पण गिळते म्हणजे पुरतं असं थोडंच आहे?"

ते खरं होतं. एवढ्यात लय सैल झाली. दोन ओढींना एक घुटका. मग चारांना एक. मग नुसती हनुवटी थरथरली, तार छेडून झाल्यावर थरथरते तशी. छटाकनं स्वतःच सोडलं. दुसऱ्या बाजूला घेतलं, तिथे थोडंसं प्यायली, मग तेही सोडलं आणि मान मागे टाकली. आवळलेली मूठ एकेक बोट करून उघडत गेली आणि तळवा आईच्या अंगावर सपाट पडला. हात उचलून सोडला तर ओल्या फडक्यासारखा खाली आला.

"भरलं हिचं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"हात बघा. भुकेली असली की मुठी हनुवटीखाली असतात. आता बघा, राज्य जिंकून झोपल्यासारखी."

सासूबाईंनी तो हात दोनदा उचलून दोनदा सोडला. तिसऱ्यांदाही उचलला, केवळ मजा वाटली म्हणून. छटाक झोपेत हसली. मग सासूबाई हसल्या आणि मग दोघींनाही हसू आवरेना.

दारावर टकटक झाली. टपाल होता. "काका विचारतात, माल तयार आहे का. दे, मी ढेकर काढून ठेवतो तबकात. तू जरा बस."

तिनं दिलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

कारखान्यात दाराच्या वर टपालच्या आजोबांनी रंगानं एक ओळ लिहून ठेवली होती. भिंत घातली तेव्हा ती ओळ नेमकी मधोमध कापली जात होती, म्हणून दोघा भावांनी आपापल्या बाजूला ती पुन्हा लिहून घेतली होती: 'काट्यावर जाईल ते कोरडं, मोकळं, एकटं.' म्हणजे वस्तू पुसून घ्या, वेष्टन काढा, शेजारी काही ठेवू नका. टपाल त्या ओळीखाली लहानाचा मोठा झाला होता. आंघोळीच्या आधी साबणाचा कागद काढावा इतक्या सहजपणे त्याचे हात चालले. ढेकर काढली. लंगोट ओला लागला, काढला. झबलं, टोपडं, मोजे काढले. पोरगी कोरडी पुसली आणि तबकात नेऊन ठेवली.

खोलीत कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. कारण काट्यावरची गोष्ट अशीच दिसायला हवी, अशी त्या घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांना सवय होती. काकांच्यासुद्धा.

ती बाहेर आली तेव्हा सगळे टेबलाभोवती जमले होते. काकांनी रुमालाचं टोक धरलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ओढला.

पडद्यावर आकडा होता पंचाहत्तर. आणि त्याच्या डाव्या बाजूला एक छोटी आडवी रेघ होती.

"पंचाहत्तर!" काकू ओरडल्या. "बघा, आहे की दूध!"

"अगं, ती रेघ बघ," काका हलक्या आवाजात म्हणाले.

"कसली रेघ?"

"उणे आहे ते."

"म्हणजे?"

"म्हणजे," काकांनी रेघेवर बोट ठेवलं, "दूध पिऊन ती पंचाहत्तर ग्रॅमनं हलकी झालीय."

सगळे एकदम बोलू लागले.

"माझ्या पोरीला हिनंच प्यायलं की काय?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनाच ते वाक्य कळेना.

"मी पाणी उकळायला ठेवते," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे पळाल्या.

"उणे?" अप्पा उठले. टपालकडे न बघता, तीन वर्षांत पहिल्यांदा ते सरळ भावाकडे बघत होते. "उणे? अरे धाकट्या, आपल्या बापानं, आजानं जन्मात कधी उणे वजन पाहिलं का रे? काट्यावर काहीतरी असतं किंवा काही नसतं. 'काही नसतं' याच्या खाली काय असतं?"

"दादा, काटा बरोबर आहे!"

"काटा बरोबर आणि पोर चुकलं?"

"पोर चुकलं असं मी म्हटलं का?"

"मग कोण चुकलं? दूध?"

"अप्पा म्हणतात..." टपालनं सवयीनं तोंड उघडलं.

"गप रे!" दोघं एकदम म्हणाले.

त्या गलक्यात बाळाची आई एका जागी उभी होती. आत्ता आतल्या खोलीत तिनं प्रत्येक घुटका कानानं ऐकला होता. हाताची बोटं उघडताना पाहिली होती. आणि तरी त्या हिरव्या आकड्यापुढे तिचा स्वतःच्या कानावरचा विश्वास सुटत चालला. कदाचित ती नुसती हवा गिळत असेल. कदाचित आपण ऐकायचं तेच ऐकलं. स्वयंपाकघरात भांडं ओट्यावर आपटलं. सासूबाई फ्रिजकडे निघाल्या.

तिनं छटाककडे पाहिलं. तबकात ती उघडीवाघडी, तळवे आभाळाकडे करून पसरली होती. इतकी तृप्त, की तिच्याभोवती चाललेलं महायुद्ध तिच्या खिजगणतीत नव्हतं.

उघडीवाघडी.

"हिचे कपडे कुणी काढले?" ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. मग तिनं पियानोची बिघडलेली पट्टी दाबावी तशा आवाजात विचारलं, "हिचे कपडे कुणी काढले?"

सगळे तिच्याकडे वळले.

"मी," टपाल म्हणाला. "काट्यावर ठेवायची होती ना... कोरडं, मोकळं..." आणि मग त्याचा आवाज हळूहळू खाली खाली गेला, "...एकटं."

काकांनी डोक्याला हात लावला. अप्पांनी डोक्याला हात लावला. दोघांची लकब एकच होती, आणि एकाच वेळी झाल्यामुळे आरशात बघितल्यासारखं दिसलं.

"शून्य करताना कपड्यांसकट होती," काका म्हणाले. "आणि मी, मी स्वतः इथे बसून बघत होतो!"

"मीही बघत होतो," अप्पा म्हणाले. "मनात म्हटलं, वा, पोरगं विसरलेलं नाही."

सगळ्यात आधी सासूबाईंना हसू फुटलं. त्या फ्रिजला टेकून हसू लागल्या. काकू उलथणं हातात घेऊन बाहेर आल्या, काय झालं ते कळल्यावर खाली बसल्याच.

"थांबा, थांबा," बाळाची आई म्हणाली. "शून्य अजून पुसलं नाहीये ना? मग कपडे तिच्याजवळ ठेवायचे. जे काढलं ते परत. बस."

"शाब्बास, कानसेन!" काका ओरडले.

तिनं ओला लंगोट चिमटीत धरून तबकाच्या टोकाला ठेवला. रेघ नाहीशी झाली. तेरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झबलं ठेवलं. एकोणसाठ. टोपडं. एक्याऐंशी. एक मोजा. अठ्ठ्याऐंशी.

"आणि दुसरा?" काकांनी विचारलं.

दुसरा मोजा नव्हता. टेबलाखाली नव्हता, खुर्चीत नव्हता. टपाल पालथा पडून सोफ्याखाली शोधत होता. काकूंनी आतली खोली पालथी घातली.

"अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशीच्या वर, असं धरायला काय हरकत आहे?" सासूबाई म्हणाल्या.

दोघं भाऊ त्यांच्याकडे असे वळले, की त्यांनी ताबडतोब माघार घेतली. "बरं बाई, शोधा."

"मोजा सापडल्याशिवाय निकाल नाही," काका म्हणाले.

"अजिबात नाही," अप्पा म्हणाले, आणि बोलता बोलता चष्मा पुसायला शर्टाच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तो मोजा घेऊन. ते त्याच्याकडे बघत राहिले. "खाली पडला होता म्हणून उचलून ठेवला. हरवू नये म्हणून!"

"दादा, तू म्हणजे ना," काका म्हणाले, आणि हसता हसता त्यांचा आवाज मध्येच कुठेतरी ओला झाला. त्यांनी मोजा घेतला आणि तबकात टाकला.

पंच्याण्णव.

"पंच्याण्णव ग्रॅम," काका सावकाश म्हणाले. "निव्वळ दूध."

बाळाच्या आईनं छटाकला उचलून पंच्यात गुंडाळलं. पण सासूबाई आता हसायचं थांबवून विचार करत होत्या, आणि त्यांचा विचार चेहऱ्यावर स्वच्छ दिसे.

"एका वेळचं झालं गं. चांगलं झालं. पण मग संध्याकाळी सारखी का मागते? एवढं पोटात जातंय तर?"

"परिचारिकेला फोन केला होता मी काल. ती म्हणाली, या वयात तीन-चार दिवस असे येतात. पोर वाढीला लागतं, सारखं पितं, आणि जितकं ओढतं तितकं पुढच्या दिवसांत जास्त यायला लागतं."

"म्हणजे गिऱ्हाईक आधी वाढतं आणि माल मागाहून," अप्पा म्हणाले. "बरोबर आहे. आणि नेमकं त्याच वेळी डबा आणून दिला, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं."

"अहो, ते त्या परिचारिकेनं सांगितलं, खरं कशावरून?" सासूबाई म्हणाल्या. त्या अडल्या होत्या खऱ्या, पण अडून बसल्या नव्हत्या. "आठवड्याचं वजन व्हायचंय अजून. ते ठरलं होतं. चारशे वीस."

"ठरलं होतं," बाळाची आई म्हणाली.

सगळे अप्पांच्या काट्याभोवती आले. अप्पांनी दोन्ही पारड्यांत एकाच कापडाच्या दोन सारख्या घड्या ठेवल्या, दांडी स्थिर होऊ दिली. छटाक डाव्या पारड्यात गेली. कोरडी, मोकळी, एकटी. पारडं खाली टेकलं. ती झोपेतच ओठ चाटत होती. उजव्या पारड्यात अप्पांनी दोन किलोचं वजन ठेवलं. मग दुसरं. पारडं जागचं हललं नाही. त्यांनी मखमलीची पेटी उघडली आणि तसेच थांबले.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"पाचशेचं, दोनशेचं, शंभराचं, सगळी तपासणीला, सरकारी शिक्क्याला गेलीत," अप्पा म्हणाले. "शुक्रवारी मीच पाठवली. घासूनपुसून." पेटीत वीसपासून खालच्या चकत्या तेवढ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. तीस वर्षं ज्याच्या काट्याला कुणी नावं ठेवली नाहीत, त्या माणसाचा चेहरा पडतो तसा. "नातीचं वजन करायचं, आणि माझ्याकडे वजनं नाहीत."

काका म्हणतील, "माझ्या काट्यावर करू", असं सगळ्यांना वाटलं. हाच तो क्षण होता, तीन वर्षांचं उट्टं काढण्याचा. काका पेटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "नाही. मागच्या आठवड्याचं या काट्यावर झालंय. हेही याच काट्यावर व्हायला पाहिजे. काहीतरी पाहिजे ज्याचं वजन पक्कं माहीत आहे."

बाळाच्या आईनं वर पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "तो डबा द्या."

सासूबाईंचा हात आपोआप फ्रिजकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. आता द्यायची वेळ आली तर त्यांचंच मन होईना. "अगं, लगेच कशाला हरतेस? अजून वजन तरी..."

"द्या तर."

त्यांनी दिला. काकांनी तबक रिकामं करून पुन्हा शून्य दाबलं आणि तिनं डबा त्यात ठेवला. चारशे ब्याऐंशी. काकूंनी तो उचलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, आपला काटा कुणी विचारला नाही याचं सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून. चारशे ब्याऐंशी.

"दोन्ही काटे एक बोलतात," काका म्हणाले. "दादा, घे. हे तुझं वजन."

"पण ते उघडायचं झालं तर?" काकूंनी विचारलं.

"उघडायचं नाही!" तिघं एकदम म्हणाले. अप्पा, काका आणि टपाल. "सील तुटलं की वजन गेलं!"

अप्पांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. काच असल्यासारखा उजव्या पारड्यात, दोन वजनांच्या मध्ये ठेवला. पारडं खाली आलं, छटाकचं वर उचललं गेलं, मग दोन्ही झुलली. सासूबाईंनी सुनेचा दंड धरला होता. कधी धरला ते दोघींनाही आठवत नव्हतं. दांडी डोलत राहिली, डोलणं लहान होत गेलं, आणि ती थांबली. छटाकच्या बाजूला, थोडीशी खाली.

"अजून जड आहे ती," सासूबाई कुजबुजल्या. "डब्याहून जड!"

"वीस ठेव," काका म्हणाले.

अप्पांनी चिमट्यानं वीसची चकती उचलून डब्याच्या झाकणावर ठेवली. दांडी पुन्हा हलली. दांडीवरचा काटा इकडे गेला, तिकडे गेला, आणि मधल्या खुणेवर उभा राहिला. दोघा भावांनी डोळे खुणेच्या पातळीला आणायला एकाच वेळी गुडघे वाकवले आणि त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

"वाच," अप्पा कपाळ चोळत म्हणाले.

"तू वाच. काटा तुझा."

"डबा तुमच्याकडचा. वाच म्हणतो ना."

काका पुन्हा खुणेपाशी वाकले.

"बाळ, कोरडं, मोकळं, एकटं," ते म्हणाले. "चार किलो पाचशे दोन ग्रॅम."